गुंड्याचा शेवटचा शॉट

डोंगरात एकट्या राहणाऱ्या त्या दाढीवाल्याचा आपल्या अस्वलावर केवढा जीव, हे टीव्हीवरच्या मालिकेमुळे साऱ्या अमेरिकेला पाठ झालं होतं. दर भागात तो त्याला मिठी मारायचा. शॉट संपला की सॅनिटायझरने हात चोळत गाडीत जाऊन बसायचा. अस्वल वाढवलं होतं नैनाने, गुंड्या हे नावही तिनेच ठेवलेलं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहणाऱ्या तिच्या मराठी आईबापांना इंजिनियर हवी होती, आणि पोरगी मोंटानात अस्वलाच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजत बसली.

सेटवर ‘स्टॉप’, ‘कम’ असं जो तो ओरडत असतो. म्हणून नैनाने गुंड्याला मराठीत शिकवलं. बस, ये, गप, चल. आईकडून ऐकलेलं तेवढंच तिला धड येत होतं.

मालिका संपली आणि कंपनीने गुंड्याला हायवेवरच्या एका प्राण्यांच्या खेळवाल्याला विकून टाकलं. तिथली अस्वलं सिमेंटच्या खड्ड्यात ठेवतात, हे नैनाने डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘मी सांभाळते,’ असं तिने परोपरीने विनवलं. निर्माता ग्रेग म्हणाला, “तो कंपनीची प्रॉपर्टी आहे.” प्रॉपर्टी म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पिंजऱ्याचा ट्रक आला. मेल्यांना निरोपसुद्धा दाखवायचा होता, म्हणून कॅमेराही आला. दाढीवाला हाका मारून थकला. गुंड्या ढिम्म. तो नैनाकडे बघत राहिला, आणि ती हाताची घडी घालून उभी.

“तुझा तो शब्द बोल,” ग्रेग म्हणाला. “नाहीतर भुलीचं इंजेक्शन देऊन चढवतो.”

“तो म्हातारा झालाय. त्याचं हार्ट बंद पडेल.”

“मग बोल.”

रोज संध्याकाळी ज्या शब्दाने त्याला घरी न्यायचं, त्याच शब्दाने त्याला खड्ड्यात ढकलायचं. नैना तरातरा गेली, आधी स्वतः पिंजऱ्यात चढली, गवतावर मांडी घालून बसली आणि मग म्हणाली, “गुंड्या, चल.”

तो निमूट चढला आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून पडला.

“आता उतर,” ग्रेग म्हणाला.

“दार लाव. विकलंस ना? आता दोघांनाही ने.”

ग्रेग दाढीवाल्यावर खेकसला, “जा, तिला बाहेर काढ. तुझंच अस्वल आहे ना?”

दाढीवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि तो मागे सरकला. “माणूस आत असताना मी ट्रक हलवत नाही,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

कॅमेरा चालूच होता.