तांडेलानं दोनदा विचारलं

साबिनाला, माझ्या बायकोला, मी मारलं तेव्हा शुद्धीत होतो. ताडी प्यालो होतो म्हणून झालं असं सांगायची सोय नाही, कारण ताडी तिनं आधीच ओतून टाकली होती. चार माणसांसमोर ताडीचा भोपळा उचलला आणि अंगणात उपडा केला. चौघं हसले. ते गेल्यावर मी तिच्या तोंडात अशी ठेवून दिली की ती चुलीवर जाऊन पडली. चुलीचा दगड लागला, पुढचा दात तुटला. तिनं तो हातात घेऊन बघितला, पदराला बांधला आणि रक्त थुंकून म्हणाली, "झालं?"

गावात तिनं सांगितलं, किनाऱ्यावर शेवाळावरून घसरले.

हे कुणालाच कळलं नाही, हीच पंचाईत. आमच्या गावात देवमासा मारून पोट भरतात. वर्षाला सहा महिने समुद्र, आणि समुद्रावर जायचं तर एक नियम आहे. घरात भांडण असलेल्या माणसानं नावेत पाय ठेवायचा नाही. आधी बसायचं, बोलायचं, ज्याला दुखावलं त्याच्या तोंडून 'जा' ऐकायचं आणि मग जायचं. हंगामाच्या सुरुवातीला फादर किनाऱ्यावर मिस्सा करतात, नावांवर पाणी शिंपडतात, तेव्हासुद्धा हेच सांगतात. त्यांच्या आधी आमचे आजेपणजे हेच सांगायचे. नावेत तेरा माणसं असतात. एकाच्या घरातली घाण तेराजणांच्या जिवावर येते.

दात तुटल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी डोंगरावरून आरोळी आली, "बालेओ!" म्हणजे मासा दिसला. एकानं ओरडलं की दुसरा ओरडतो, दहा श्वासांत सगळं गाव ओरडायला लागतं. हातातला घास टाकून पळायचं. मी पळालो तर साबिना दारात आडवी.

"आधी बस," ती म्हणाली. "बोलून घे. मग जा."

"आत्ता? नाव निघाली तिकडं!"

"माझा भाऊ आहे त्या नावेत."

"देव बघून घेईल गं. संध्याकाळी बोलू."

"देव बघतोच आहे. म्हणून तर सांगते."

मी तिला बाजूला सारलं आणि गेलो.

तिचा भाऊ युवेन आमच्या नावेचा भालेकरी. नावेच्या पुढच्या तोंडाला, नाळेवर, फळी असते, तिच्या टोकाला तो उभा राहतो आणि भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घेतो. बायकोच्या भावाला आमच्यात ओपू म्हणतात आणि ओपूचा मान बापाहून मोठा. मी त्याच्या पाठीमागं, दोराचा माणूस. भाला लागला की दोर सुटत जातो. तो कशात अडकू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. तेवढ्यात चूक झाली तर माणूस जातो.

सुकाण्यावर म्हातारा तांडेल, आमा दोनातुस. आमा म्हणजे बाबा. त्यानं नाव लोटल्यावर टोपी काढली, सगळ्यांनी 'आमच्या स्वर्गातल्या पित्या' म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्यानं. 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा केली', इथं आवाज जरा खाली गेला. वर मनात आणखी एक जोडलं, देवा, आजचा दिवस निभावून ने, उद्या बोलतो तिच्याशी.

युवेन मागं वळून मला म्हणाला, "काय रे, माझ्या बहिणीला या वयात चालता येईना का? शेवाळावरून घसरते?"

"घाई असते तिला," मी म्हणालो.

"घाई तुला असेल. ताडीची." नाव हसली.

दुपारपर्यंत वल्ही मारली. मग मासा दिसला. म्हातारा नर, एकटा, डोक्यावर जुन्या जखमांचे पांढरे पट्टे. एकटा नर वाईट. आमच्यापेक्षा जास्त मारामाऱ्या केलेल्या असतात त्यानं. युवेननं उडी घेतली, भाला पाठीत बसला आणि निसटून बाहेर आला. पोहत परत आला, दुसरा भाला घेतला, परत उडी. भाल्याचं पातं वाकलं. मासा जागचा हलला नाही. नुसता श्वास सोडला आणि ते सडकं पाणी आमच्या तोंडावर आलं.

आमा दोनातुसनं हात वर केला. वल्ही थांबली.

"कुणाच्या घरात काय राहिलंय," तो म्हणाला, "आत्ता बोला."

नाव डुलत होती. मग मधल्या वल्ह्यावरचा मेल्की खाकरला.

"आमा, मी सासूची कोंबडी खाल्ली. मुंगसानं नेली म्हणून सांगितलं."

"कुठली? ती तांबडी?"

"तीच."

"अरे, ती माझ्या पोरीनं तिला दिली होती!" आमा दोनातुस म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. "संध्याकाळी जाऊन पाय धर तिचे. आणखी कोण?"

म्हाताऱ्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. युवेनपण बघत होता, भाल्याचं पातं दगडानं सरळ करता करता. मी दोराची वेटोळी नीट करायचं सोंग घेतलं. माणसाला जिवापेक्षा तोंड प्यारं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"नाही ना कुणी? मग ठीक," आमा म्हणाला, आणि बाटलीतलं मंतरलेलं पाणी नाळेवर शिंपडलं.

तिसरी उडी. भाला लागला, आणि असा लागला की अर्धा वासा आत गेला. युवेन पाण्यात पडला, वर आला, नावेची कड धरली. मासा खाली गेला. दोर सुसाट निघाला, लाकडातून धूर यायला लागला. माझं काम तिथं बघायचं होतं. मी बघत होतो युवेनच्या तोंडाकडं. वर चढताना तो मला हसला. त्याच्या बहिणीसारखंच हसतो तो, पण याचे दात सगळे होते. तेवढ्यात एक वेटोळं उडालं आणि त्याच्या घोट्यात बसलं.

ओरडलासुद्धा नाही. होता आणि नव्हता.

"काप!" मेल्की ओरडला.

"कापू नको!" आमा ओरडला. "तो माशाला बांधलाय, कापलास तर गेला!"

बरोबर होतं. दोर कापला असता तर मासा त्याला घेऊन तळाला गेला असता. मी दोर दोन्ही हातांनी धरला. तळव्याची कातडी सोलून दोराबरोबर गेली. नाळ पाण्याखाली चालली. मी ओरडत होतो, देवा, देवा, देवा, पुढं शब्दच नाही. काय मागणार? मागायला तोंड कुठं होतं?

मग दोर एकदम सैल पडला. मासा वळला होता, वर येत होता. वीस हातांवर युवेनचं डोकं वर आलं, निळं पडलेलं, नाकातून रक्त. मी पाण्यात उडी मारली, त्याच्या पायातला फास ओढून सैल केला आणि पाय सोडवला. घोट्यापाशी मांस सोललं होतं, पांढरं हाड दिसत होतं. त्याला कडेला आणलं, आणि तेव्हाच शेपूट खाली आलं.

आवाज आठवत नाही. नाव मधोमध फुटली. एक फळी माझ्या खांद्यावर बसली, हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. उजवा हात लोंबायला लागला. डोळे उघडले तर चारी बाजूंना डोकी, फळ्या, फाटकं शीड. एकाचा जबडा तिरका झालेला, एक समुद्रात ओकत होता. पाणी तांबडं. आमचं किती, माशाचं किती, देवाला ठाऊक. मासा आमच्याभोवती गोल फिरत होता. दर फेरीला तुटकी नाव दोरासकट ओढली जायची.

मला एका हातानं पोहता येईना. कुणीतरी मागून केसाला धरलं होतं. वळून बघितलं तर युवेन. एक हात फळीवर, एक माझ्या केसात. स्वतःचा पाय त्या तसल्या अवस्थेत.

आमा दोनातुस पलीकडच्या फळीला लटकला होता. कपाळावरून रक्त डोळ्यात जात होतं. त्यानं तोंडातलं पाणी थुंकलं आणि परत तेच विचारलं, शांतपणे, अंगणात बसल्यासारखं. "राहिलंय कुणाचं काही?"

मासा फेरी घेऊन येत होता. त्याचं डोकं दिसत होतं.

"माझं," मी म्हणालो. "साबिना घसरली नाही. मी मारलं. दात मी पाडला."

केसातला हात थांबला. बघा, त्यानं नुसती मूठ सैल केली असती तरी पुरे होतं. कुणी काही म्हटलं नसतं. समुद्रानं नेलं म्हटले असते.

युवेननं मला पाण्यात दाबलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं, छाती फुटायला आली. वर काढलं. परत दाबलं. वर काढलं. परत. मी मेलोच असं धरून चाललो होतो. तिसऱ्यांदा वर काढलं तेव्हा त्याचं तोंड माझ्या तोंडाला लागलं होतं.

"डुकरा," तो म्हणाला. रडत होता. "डुकरा, सकाळी बोलायचं होतंस."

"हो."

"माझा पाय गेला तुझ्यापायी."

"हो."

"बापाच्या नावानं, पुत्राच्या नावानं, तीनदा बुडवलं, बाप्तिस्मा झाला," पलीकडून मेल्की म्हणाला, "आता आमेन म्हणा आणि कुणीतरी तो दोर कापा!"

आमानं कापला. मासा गेला. मी कबूल केलं म्हणून गेला असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्या फुप्फुसात भाला होता, त्याला जिथं जायचं तिथं तो गेला. त्या महिन्यात आमच्या तेरा घरांत मांस आलं नाही, दुसऱ्यांच्या वाट्यातलं खाल्लं. पण दुसरी नाव येईपर्यंत ऊन कलून गेलं आणि तेवढा वेळ युवेननं माझे केस सोडले नाहीत. दर थोड्या वेळानं शिवी द्यायचा, मग मुठीत केस नव्यानं गुंडाळायचा. मी सकाळपासून देवाकडं मदत मागत होतो. ती आली ती अशी, शिव्या देत.

किनाऱ्यावर सगळं गाव उभं. साबिनानं आधी भावाचा पाय बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी वाळूवर गुडघ्यावर बसलो आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडानं सांगितलं, काय केलं ते. बायकांत कुजबुज झाली.

तिनं काही पदरानं डोळे पुसले नाहीत, उठ म्हणाली नाही. आमा दोनातुसला म्हणाली, "आमा, नवी नाव बांधाल तेव्हा माझा भाऊ जाईल. हा जाणार नाही. मी सांगेपर्यंत."

"बरोबर," आमा म्हणाला.

युवेनच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. लंगडतो, पण पुढच्याच हंगामात फळीवर उभा राहिला. दोराला दुसरा माणूस घेतला. मी दोन हंगाम किनाऱ्यावर होतो. बायकांबरोबर डोक्यावर सुकं मांस घेऊन डोंगरावर जायचो, मका आणि केळी घेऊन उतरायचो. लोक हसायचे. हसू दे. ताडीला तेव्हापासून हात लावला नाही, तसा शब्द कुणी मागितलाही नव्हता. तिसऱ्या वर्षी एका सकाळी आरोळी आली, आणि मी तसाच मका सोलत बसलो होतो, तर साबिना म्हणाली, "जा."

अजून जातो. पण रोज सकाळी, 'स्वर्गातल्या पित्या' म्हणायच्या आधी, तिला विचारतो, "राहिलंय का काही?" बऱ्याचदा ती म्हणते, नाही. कधी म्हणते, आहे. मग मासा दिसू दे नाही तर पाच मासे दिसू दे, मी वल्हं खाली ठेवतो आणि बसतो. परवाच बसलो होतो. सगळ्या नावा गेल्या, युवेन जाताना किनाऱ्यावरून ओरडला, "बस बस, नीट ऐक तिचं!" आणि हसला.

ती दुपारपर्यंत बोलत होती.