पिवळा दोरा

मृगाच्या तोंडावर पिंपळगाव राजातल्या भगवानरावांच्या कृषी केंद्रापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बीटी कपाशीचं बी विकत आणि चमत्कार फुकट. फुकट म्हणजे वीस रुपयांत.

बिल झालं की भगवानराव गिऱ्हाइकाच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधून विचारायचे, "अनाथ लेकराईसाठी वीस रुपये टाकता काय, भाऊ?" नोट पेटीत पडली की फळीवरच्या दोन गडूंपैकी एकातलं तीर्थ शिंपडायचे आणि दोरा लालभडक व्हायचा. "देवीनं दान घेतलं. आता बी उगवलंच समजा." न देणाऱ्याचा दोरा तीर्थ पडूनही पिवळाच राहायचा.

गेल्या वर्षी अन्नपूर्णेने ते वीस रुपये लेकीच्या, वैष्णवीच्या वह्यांसाठी राखले. दोरा पिवळा राहिला, आणि निम्मंही बी उगवलं नाही. नवरा, सहदेव, भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "वीस रुपयांपायी वावर गेलं." वैष्णवीने वही उघडली की वर्षभर अन्नपूर्णेला अपराध्यासारखं व्हायचं.

यंदा तिने वीसची नोट आधीच पदराला बांधून ठेवली. बियाण्याला जायच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या गुलनारसोबत हापशीवर धुणं धूत होती. गुलनारने कालच बी आणलं होतं, पण दान दिलं नव्हतं. "आमी जकात, आमचा दानधर्म, मानूस पाहून देतो," असं ती दुकानात सांगून आली होती. तिच्या हातावरच्या पिवळ्या दोऱ्याला साबणाचा फेस लागला आणि दोरा लाल झाला.

अन्नपूर्णेचा हात थांबला.

"काऊन थांबली वो? हळदीचा डाग साबणानं लालच होते," गुलनार म्हणाली. "लुगड्यावर वरण सांडलं त पाह्यलं नाई काय?"

हजारदा पाहिलं होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हेही तिला ठाऊक होतं. त्या रात्री तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी सहदेवसोबत ती दुकानात गेली. दोरा बांधून घेतला, नोट मात्र दिली नाही. तीर्थ पडलं, दोरा पिवळाच. मग तिने रांगेतल्या दयारामकडून तंबाखूच्या चुन्याची डबी मागितली आणि बोटभर चुना ओल्या दोऱ्याला लावला. दोरा लाल झाला.

"एका गडूत चुन्याची निवळी हाय, दुसऱ्यात साधं पानी," ती म्हणाली. "बुडवून पाहा कोनीबी."

दयारामने दोरे बुडवून पाहिले. तसंच निघालं. तो हळूच म्हणाला, "माहा दोरा लाल होता गेल्या साली. माहंबी बी उगवलं नाई. भगवानराव म्हनले, देताना मनात किंतू असंल. लाजेनं बोललो नाई मी."

"बीच खराब होतं, भाऊ. पाप आपलं वाटलं, म्हनून कोनी तक्रार केली नाई."

"पन दान त लेकराईलेच जाते," भगवानराव पुटपुटले.

"एका लेकराचं नाव सांगा."

भगवानराव बिलबुकाची पानं चाळू लागले.

दान जरूर द्यावं. पण कोणाला, कशासाठी आणि पोचलं का, हे विचारल्याने पुण्य उणं होत नाही. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या पेटीत नोट टाकू नये.

"गेल्या सालची तक्रार करू," बाहेर आल्यावर सहदेव म्हणाला. "पुराव्याले बियाची पिशवी हाय न घरी?"

"चुलीत घातली मी. घरात पाप कायले ठेवाव, म्हनून."

सहदेवने तिच्या मनगटावरचा दोरा सोडून टाकला. मग म्हणाला, "वह्या घेतल्या, ते बरं केलं."

हे ऐकायला तिला वर्ष लागलं होतं.