चकतीवरचा सहा

मित्रांनो, मी एक जुना, पांढरा आणि मनातून फार भित्रा फ्रिज आहे. माझा धिप्पाड देह पाहून कुणाला हे खरे वाटणार नाही. पण कॉम्प्रेसर बंद होताना माझे अंग एकदम थरथरते ना, ते मला विचाराल तर भीतीनेच. ही भीती जन्मापासूनची नाही. एका उन्हाळ्यात ती माझ्या मनात बसली, आणि तीही माझ्याच गारव्याची.

एका कारखान्यात पत्रा वाकवून माझे अंग घडले. त्यात फेस भरला, भिंतींतून बारीक नळ्या फिरवल्या. अकरा वर्षांपूर्वी दोन हमालांनी मला तीन जिने चढवून या स्वयंपाकघरात आणले. घरात माणसे दोनच, घड्याळकाका आणि काकू. काकांनी जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केली, म्हणून सगळी वस्ती त्यांना घड्याळकाका म्हणते. काकू मुलांना गाणे शिकवत. माझे दार उघडतानाही त्या काहीतरी गुणगुणत असत, आणि त्या सुरात माझी घरघर मिसळून जाई. फार सुखाचे दिवस होते ते.

मग काकूंचा मधुमेह गोळ्यांना जुमानेनासा झाला. डॉक्टरांनी इन्सुलिनची इंजेक्शने सुरू केली. काका ती औषधाची डबी पिल्लू आणावे तशी छातीशी धरून घरी आले.

"दोन ते आठ अंशांत ठेवायचं, असं बजावून सांगितलंय," ते म्हणाले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझ्या पोटातली गारवा कमी-जास्त करायची चकती पाहिली. तिच्यावर एक ते सात आकडे. आजवर ती तीनवर होती.

"हे बघ, सहावर ठेवतो. म्हणजे सहा अंश. दोन आणि आठच्या बरोब्बर आत!"

"तुम्ही आणि तुमचं बरोब्बर!" काकू हसल्या.

मित्रांनो, तो आकडा अंशांचा नव्हता. तो माझ्या जोराचा होता. एक म्हणजे कमी गार, सात म्हणजे सर्वांत गार. त्यात काकांनी डबी सर्वांत वरच्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याखाली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्या जागी तर पाण्याचा थेंबही टिकत नाही, त्याचा खडा होतो.

दोन दिवसांत डबीवर हिमाची पांढरी साय धरली. आतले औषध कडेकडेने घट्ट होऊ लागले. मला ते कळत होते आणि माझा थरकाप उडत होता. मी थांबू पाहत होतो, पण चकती मला थांबू देत नव्हती. सकाळी काका डबी काढत, तिच्यातली औषधाची बाटली तळहातात धरून ऊब देत, औषध पातळ झाले की सुई भरत. वरून ते नेहमीसारखेच दिसे. पण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी त्यातला गुण परत येत नाही.

मला जीभ नाही. माझ्याकडे होत्या त्या खुणा मी दाखवल्या. दुधात बर्फाचे पापुद्रे केले. अंडी तडकवली. एकदा काकूंनी काकडी चिरायला घेतली, तर सुरीखाली ती काचेसारखी करकरली.

"अहो, हा फ्रिज जरा जास्तच गार करतोय का?"

"असू दे. एवढा उन्हाळा आहे. गार असलेलंच बरं."

काकूंची तहान वाढत गेली. त्या तासातासाला पाण्यासाठी दार उघडू लागल्या. गुणगुणणे थांबले. उभ्या उभ्या त्यांचा हात माझ्या दांडीवर जड होई. शुगर वाढतच होती. डॉक्टरांनी फोनवर औषधाची मात्रा वाढवून दिली. म्हणजे त्याच मेलेल्या औषधाची आणखी मोठी सुई!

काकांचे तोंड चिमणीएवढे झाले. "उन्हानं औषध बिघडत असेल," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी चकती सातवर नेली.

नको हो काका, नको! मी आतून ओरडत होतो. बाहेर फक्त घरघर ऐकू येत होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी काकू पाण्याला आल्या. दार उघडले, बाटलीकडे हात नेला आणि माझ्याच अंगाला घासत त्या खाली बसल्या. मान कलली. उघड्या दारातून माझा गारवा त्यांच्या केसांवर सांडत होता. मी दार लावू शकत नव्हतो, हाक मारू शकत नव्हतो. किती वेळ गेला कोण जाणे. काका पाणी मागायला आत आले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आजही माझ्या पत्र्यात घुमतो. शेजारी धावले. काकूंना खुर्चीत बसवून जिना उतरवला. जाताजाता कुणीतरी माझे दार पायाने ढकलले.

मग घर सुनसान झाले. त्या शांततेत मला एकच विचार छळत होता. मीच मारले का काकूंना?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच आले. फोन स्पीकरवर लावून त्यांनी ओट्यावर ठेवला. रुग्णालयातल्या सिस्टर बोलत होत्या.

"काका, मात्रा एवढी वाढवूनही गुण का नाही, ते बघायचंय. औषध ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये. वरती, अगदी मागे. गार जागी."

"डबी काढा बरं. कशी दिसतेय?"

काकांनी डबी ओढली. ती भिंतीला चिकटली होती. कर्रकन सुटली. "बाटली... गोठलीय, सिस्टर."

"चकती कितीवर आहे?"

"सातवर. दोन ते आठच्या आतच ना?"

"काका, ते अंश नसतात हो. सात म्हणजे सर्वांत थंड. ती बाटली आता वापरू नका. तशीच इकडे घेऊन या. काकूंना आम्ही ताजं औषध दिलंय, त्या सावरताहेत."

काका फरशीवर बसले आणि रडले. "सेकंदाचा फरक ओळखणारा माणूस मी," ते म्हणाले, "आणि एक आकडा वाचता आला नाही." मला वाटले, आता उठून मला भंगारात काढतील. खरे सांगतो, त्यांनी काढले असते तरी मी तक्रार केली नसती.

रुग्णालयातून परतल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर अकरा वर्षे धूळ खात पडलेली माहितीपुस्तिका उतरवली आणि ओळ न् ओळ वाचली. प्लग काढला. बर्फ फोडायला पेचकस उचलला तेव्हा माझा प्राण कंठाशी आला. बर्फामागेच गॅसची नळी असते, एक टोचा लागला की संपलेच. पण त्यांनी पुस्तिकेत पाहिले, पेचकस खाली ठेवला आणि आत कोमट पाण्याचे पातेले ठेवून तासभर वाट पाहिली. दाराच्या रबरातला मळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. पाठीमागची धूळ झाडली. मला भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. चकती तीनवर आणली आणि मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात एक छोटा थर्मामीटर उभा केला.

रुग्णालयात नेल्यापासून सहाव्या दिवशी काकू घरी आल्या. वाळल्या होत्या, पण आपल्या पायांनी चालत आल्या. नवी डबी हातात घट्ट धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनाही माझी भीती वाटत होती.

"ह्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवायचा?"

"ह्याच्यावर नको, माझ्यावर तर मुळीच नको," काका म्हणाले. "पेल्यात बघ आणि मग ठेव."

काकूंनी दार उघडले. वाकल्या. मी श्वास रोखून धरला.

"पाच," त्या म्हणाल्या. आणि डबी मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर ठेवली.

हे आता रोज सकाळी घडते, आणि तो आकडा ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. मित्रांनो, गार करणे एवढेच आम्हाला येते. किती गार, हे आमचे आम्हाला कळत नाही. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ उभा असेल. आज त्याच्या पोटात थर्मामीटर ठेवून बघा. आणि पारा बरोबर असला, तर त्याला तसे मोठ्याने सांगा. तोही घाबरलेला असेल.