इतवारींच्या माइकला वाढलेले वडे

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या पितृपक्षात माझ्यापुढं पत्रावळीवर वडे, कढी आणि भोपळ्याची भाजी वाढली गेली, आणि माइकला पोट नसतं हे त्या घरात कुणाला सुचलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं एका माणसानं माझ्यात फुंकर मारली आणि मला पास केलं. बालपण एवढंच. पुढं अड्याळच्या इतवारींनी मला नातीच्या, खुशीच्या, कॉम्प्युटरला जोडलं. ते तलावात मासे धरत. ‘आले हो आले, ताजे रोहू आले’ असं माझ्यात ओरडून भरत आणि लुनाला बांधलेल्या भोंग्यातून वाजवत. भोंग्यातून तो आवाज फाटून, घोगरा होऊन निघे. गाव त्यांना त्याच आवाजानं ओळखायचं. लोक म्हणत, माइक दमदार हाये. मी फुगत असे.

शेवटच्या आजारात त्यांचा घसा बसला. “माहा आवाज आयकू येते का?” त्यांनी खुशीला विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्यांनी स्वतःच सेटिंगमध्ये माझा आवाज पार टोकापर्यंत चढवला. महिन्याभरात ते गेले. मी वर्षभर टॉवेलखाली राहिलो. माझ्या स्पंजात एक कोळी राहायला आला. तोही बोलका नव्हता.

मग इतवारींची तिथी आणि खुशीची नोकरीची पहिली मुलाखत एकाच दिवशी आली. मुलाखत अकराला, कॉम्प्युटरवरूनच. नऊ वाजता तिनं माझ्यात “नमस्कार, मी खुशी” म्हटलं आणि लावून ऐकलं.

तलावाच्या तळातून यावा तसा फाटका, घोगरा आवाज आला. “नमस्कार, मी खुशी,” इतवारी म्हणाले.

त्यांची बायको शकुनबाई झारा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाहेर कावळा सकाळपासून घासाला शिवला नव्हता.

“आता समजलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कावळा काहून येऊन नाही राहिला. हे इथं अंदर बसून आहेत.” आणि त्यांनी पत्रावळ माझ्यापुढं आणून ठेवली.

शेजारचा निकेश मोबाइल दुरुस्त करतो. त्याला बोलावलं. त्यानं माझी वायर मागच्या भोकात घालून पाहिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, माझ्यात फुंकलं. दर खेपेला इतवारींनी आपण खुशी असल्याचं सांगितलं.

“आजी, वडे बाजूले करा. तेल चाललं याच्यात.”

“तुले भूक लागली तं सरळ सांग नं बाबू.”

सव्वादहाला त्याला कारण सापडलं. माइकचा आवाज शंभरावर, वरून तो अजून वाढवणारा बूस्ट तीस. “कोणं चढवलं हे? कोणी बी बोललं तं फाटनच. कमी करतो.”

शकुनबाईंनी माउसवर हात ठेवला. “कमी केलं तं हे जातील.”

“नाही केलं तं माही नोकरी जाईन, आजी,” खुशी म्हणाली.

हात हलला नाही. तेव्हा खुशीनं कीबोर्डवरूनच इतवारींचं शेवटचं रेकॉर्डिंग शोधून लावलं. आवाज बारीक, दमलेला, पण स्वच्छ होता. तेवढ्या क्षीण आवाजाला तेवढं चढवणं नेमकं पुरलं होतं. “रोहू आले...” मग खोकला, धाप. मग, रेकॉर्डिंग बंद करायचं विसरून, “शकुन, चहा मांड नं वं.”



“हे मले त्या दिवशी आयकूच नाही आलं,” शकुनबाई म्हणाल्या. त्यांनी माउस सोडला आणि चहा मांडायला गेल्या.

निकेशनं बूस्ट उतरवला. “नमस्कार, मी खुशी,” खुशी म्हणाली, आणि खुशीच ऐकू आली. निकेश घरी गेला. शकुनबाई एक कप माझ्याजवळ ठेवून अंगणात जाऊन बसल्या.

मुलाखत चांगली झाली. शेवटी समोरच्या बाईंनी विचारलं, “घरात कुणी आजारी आहे का? मघापासून मागे खोकल्याचा आवाज येतोय.”

खुशीनं मागं वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पत्रावळीवरचा एक वडा कमी होता. तो निकेशनं खाल्ला. चावल्याचा आवाज मी ऐकला आहे. खोकलाही मी ऐकला आहे. मित्रांनो, मी पदरचं काही घालत नाही. समोर जे असतं, तेवढंच पुढं पाठवतो.

माझी एवढीच विनंती आहे. माझ्यात फुंकू नका, मला तेलकट हात लावू नका. आणि घरातलं कुणी हळू बोलू लागलं, तर माझा आवाज चढवू नका. उठून त्यांच्याजवळ जा.