निळं कूलंट

धाकट्या दीक्षाच्या लग्नाला नवरीची गाडी आपणच चालवणार, असं प्रतिभानं घरात जाहीर करून टाकलं होतं. बेला गावच्या शाळेत शिकवणारी, जुनी का होईना पण स्वतःच्या हिमतीवर गाडी घेतलेली बाई ती. बहिणीला पांढरकवड्याला सासरी पोचवायला परका ड्रायव्हर कशाला? पण तिचे बाबा, नागसेनराव, यांना पोरीच्या ड्रायव्हिंगचा भरवसाच नव्हता. त्यांनी गुपचूप भाड्याची गाडी सांगून ठेवली होती.

आणि नेमकं लग्नाच्या सकाळीच बॉनेट उघडलं, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली तळाला गेलेली! जमिनीवर मात्र टिपूस नाही.

"पाह्य, मी म्हणलं होतं ना," म्हणत बाबांनी मोबाईल काढला.

"जरा दम धरा, बाबा."

प्रतिभानं बाटलीत स्वच्छ पाणी भरलं, इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि गाडी चालू केली. इंजिन तापून आत दाब आल्याशिवाय अशी गळती तोंड दाखवत नाही. पांढऱ्या शालूतली दीक्षा वाकून बघायला लागली, तशी बायकांनी तिला ओढून मागं नेलं. थोड्या वेळानं पुठ्ठ्यावर थेंब पडला. गढूळ जांभळा!

आपण तर लाल कूलंट भरलं होतं. प्रतिभा उठून उभी राहिली. "यात निळं कोणं टाकलं?"

नागसेनराव मांडवाच्या निळ्या पताका न्याहाळायला लागले. मग म्हणाले, "म्या टाकलं. रोज कमी होऊन राह्यलं होतं. दुकानात लाल, हिरवं, निळं, सगळंच होतं. आपल्या पोरीच्या लग्नाची गाडी, मंग आपलं निळंच घ्यावं का नाही?"

मांडव खो खो हसला. प्रतिभाला खरं तर चिडायचं होतं, पण तिलाही हसू आवरेना.

"पताका निळ्या लावा, फेटा निळा बांधा. इंजिनात मात्र गाडीच्या पुस्तकात सांगितलेलाच प्रकार पाह्यजे. रंगाचं काय, कंपन्या मनाला येईल तो देतात. दोन प्रकार एकत्र झाले की गाळ धरते अन् रेडिएटर चोक होते."

"अन् हे गळणं? तेही माह्यामुळंच?" बाबांचा आवाज पडला.

"नाही हो. पाइपाची क्लिप ढिली झाली, बस."

खालच्या पाइपाजवळ वाळलेला पांढुरका ओघळ तिला सापडला होता. इंजिन थंड होईपर्यंत तिनं कुणाला रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. मग क्लिप आवळली, जांभळं पाणी काढून टाकलं, निवळ पाणी येईपर्यंत आतून धुतलं. पुस्तकातल्या प्रकाराचं कूलंट आणायला बाबा स्वतः धावले. ते भरून गाडी पुन्हा तापवली, तर नवा पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. भाड्याचा ड्रायव्हर विचारत होता, निघू का?

नागसेनरावांनी पुठ्ठ्याकडं पाहिलं, मग तेलकट हातांच्या प्रतिभाकडं. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नका येऊ, भाऊ. नवरीची गाडी माही मोठी पोरगी चालवते."

प्रतिभाचे डोळे भरून आले. त्या आनंदात तिनं एवढा लांब हॉर्न वाजवला की गल्लीतली माणसं दारात आली.