बेचाळिसाव्या पानावरचं पांढरं

प्रबंध कोण वाचतं? लिहिणारी, तिची मार्गदर्शक आणि बाहेरून आलेला परीक्षक. तोही प्रस्तावना आणि समारोप चाळून चहा पिऊन जातो. वीस वर्षं मी माझ्या विद्यार्थिनींना हे हसत हसत सांगत आले. साताऱ्यातल्या आमच्या स्त्री-अभ्यास केंद्राची मी प्रमुख. मला हसवून सांगायची सवय आहे, आणि बरोबर असायचीही.

प्रांजल जत तालुक्यातल्या धनगर वस्तीवरून आलेली. तिचे आजोबा मेंढरांमागे कोकणापर्यंत जायचे, वडील आता डाळिंबं लावतात. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिनं बालविवाह मोडणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. सात बायका भेटल्या, त्यांतली एक तिची लांबची चुलती, हरणाबाई. हरणाबाईंनी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीचं, राणीचं, लग्न हेल्पलाइनला फोन करून थांबवलं होतं. राणी तेव्हा पंधराची. दारात मांडव घातलेला असताना पोलीस आणि ग्रामसेवक आले, वऱ्हाड परत गेलं. फोन कुणी केला ते कुणालाच कळलं नाही. नवऱ्याचा संशय हरणाबाईंच्या भावावर, बिराप्पावर. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. फोन करणाऱ्याला जित्ता सोडणार नाही, असं नवरा पारावर बसून सांगायचा आणि हरणाबाई त्याला भाकरी वाढायच्या. पुढे राणीला स्थळंच येईनात, म्हणून ती शिकली. आता एकोणीसची होती आणि इस्लामपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

नवऱ्याचं नाव दुधाप्पा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रांजलनं नियमाप्रमाणे सगळं बदललं होतं. नावं बदलली, अगदी माझ्यापासूनही खरी नावं लपवली. गाव मलकापूरकडचं केलं, मेंढरांच्या जागी किराणा दुकान आलं, मांडवाचा साखरपुडा झाला. फक्त बोलणं जसंच्या तसं ठेवलं, कारण मीच तसं बजावलं होतं. बाईचे शब्द बाईचेच राहिले पाहिजेत, हे माझं लाडकं वाक्य.

बेचाळिसाव्या पानावर ती बाई म्हणते, "चुलीवर पांढरं ठिवलं हुतं. सगळं पांढरं उतू गेलं तरी मला कळंना. मग शेजारणीचा फोन घिऊन गोठ्यात गेले आन म्हन्लं, हितं पंधरा वर्साच्या पोरीचं लगीन लावत्यात, थांबवा. आवाज बदलला न्हाई. माझा आवाज वळखणारं तितं कोन हुतं?"

पांढरं म्हणजे दूध. मी लगेच ओळखलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इतकंच नव्हे तर त्या नावासारखा शब्दही तोंडात आणायचा नाही, ही चाल आपल्याकडे अजून कुठे कुठे आहे. मी खूश झाले. आयुष्यभर नवऱ्याचं नाव न घेणारी बाई नवऱ्याविरुद्ध फोन करते! मी स्वतः बसून त्याला तळटीप लिहिली.

जमा करायच्या आदल्या दिवशी प्रांजल आली. "मॅडम, तेवढा शब्द काढूया का? तिथं दूध लिहिते."

"का गं?"

"आमच्याकडं ती एकटीच बाई तसं म्हणते."

"अगं, तोच शब्द तर तुझा प्रबंध आहे," मी म्हणाले. "आणि तुझ्या गावात प्रबंध वाचतंय कोण?"

ती हसली. तिला हसावंच लागलं. त्या वर्षीचा क्षेत्रकार्याचा पुरस्कार मिळाला तर पीएच.डी.ची तीन वर्षांची शिष्यवृत्ती आपोआप मिळणार होती, आणि पुरस्काराच्या समितीवर मी होते. तिनं शब्द ठेवला. दोष मी तिला देत नाही. दोष द्यायला मी आहेच.

पुरस्कार तिलाच मिळाला. सांगलीच्या पेपरातही फोटो आला, आणि तिथेच घोळ झाला. गावचे सरपंच हरिबा फोटो बघून हरखले. धनगराच्या पोरीचा साताऱ्यात सत्कार आहे म्हणताना दोन जीपा भरून माणसं आली, भंडारा आणि घोंगडी घेऊन. प्रांजलला पत्ताच नव्हता. मला तर अभिमान वाटला. आमच्या कार्यक्रमांना एरवी खुर्च्या भरायला बी.ए.चे वर्ग सोडावे लागतात.

अध्यक्ष होते संस्थेचे विश्वस्त, वीरधवलराव. हार-तुरे झाल्यावर ते म्हणाले, "भाषणं पुरे. मुलीनं काहीतरी वाचून दाखवावं." मी प्रांजलला सांगितलं, "पान बेचाळीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं समोर बघितलं. तिसऱ्या रांगेत तिच्या गावचे पुरुष बसले होते, पाठीमागे बायका. तिचं तोंड उतरलं होतं ते मला दिसलं. मी समजले, स्टेजची भीती. "वाच, वाच," मी म्हणाले.

तिनं वाचलं. "चुलीवर दूध ठिवलं हुतं. सगळं दूध उतू गेलं तरी..."

आता काय सांगू? मी उठले. चुकीचं वाचलेलं मला सहन होत नाही, हा माझा जन्मजात दोष. मी तिच्या समोरचा माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "एक मिनिट. घाबरली आहे ती. मूळ शब्द दूध नाही, पांढरं असा आहे. पांढरं! का, ते ऐका." आणि पाच मिनिटं मी तळटीप समजावून सांगितली. नवऱ्याच्या नावात दूध आहे, म्हणून बिचारी चहातसुद्धा पांढरं घालते, असं म्हटल्यावर सभागृह खळखळून हसलं. मला टाळ्या पडल्या. प्रांजलनं माझी बाही धरली होती, ती मी हळूच सोडवून घेतली आणि म्हटलं, "हं, आता वाच." तिनं पुढचं सगळं वाचलं. फोनचंही.

तिसरी रांग हसली नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या होत्या. तो माणूस मात्र आधी हसला होता, सगळ्यांबरोबर. नंतर थांबला.

चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. पांढरा शुभ्र फेटा, वागणं अदबीचं. "मॅडम, लय ग्वाड सांगितलं तुमी. त्यो शबुद काय म्हन्ला?"

"पांढरं," मी कौतुकानं पुन्हा सांगितलं.

"व्हय, व्हय." त्यानं मागं वळून हाक मारली, "हरणे, हिकडं ये."

हिरव्या लुगड्यातली एक बारीक बाई पुढे आली. त्यानं तिच्या हातात कोरा चहा ठेवला. गावची माणसं भोवती जमली.

"चात काय कमी हाय गं?"

बाईनं कपाकडे बघितलं. मग प्रांजलकडे बघितलं, ती भिंतीला टेकून उभी होती. मग माझ्याकडे. एवढं निरखून माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"दूध," ती म्हणाली. "दूध कमी हाय."

सुटले, असं तिला बिचारीला क्षणभर वाटलं असणार. मला तर काहीच वाटलं नाही. मी बिस्किटं पुढे केली.

"पंचवीस वर्सं," तो माणूस शांतपणे म्हणाला, "घरात, मेंढरांच्या वाड्यावर, बाळंतपणात, कवा म्हणून माझं नाव हिच्या तोंडात आलं न्हाई. आज एवढ्या लोकांत घेतलं. कशापायी घेतलं गं हरणे? कुनाला वाचवायला?"

"दुधाप्पा, घरी जाऊन बोलू," सरपंच हरिबा त्याचा दंड धरून म्हणाले. तेव्हा मला त्याचं नाव कळलं. माझ्या हातातली बशी खाली पडली, एवढंच मी केलं.

"घरी कशाला?" दुधाप्पा म्हणाला. "आवं मॅडम, हिला आता तुमीच ठिवा. तुमच्या पुस्तकात."

जीपा निघून गेल्या. हरणाबाई कप घेऊन तिथंच उभ्या. त्यांनी चहा प्यायला नाही आणि रडल्याही नाहीत. मी हात जोडले तर म्हणाल्या, "तुमास्नी काय ठावं असणार, बाई." ही क्षमा नव्हती. मला नुसतं बाजूला सारलं होतं त्यांनी, वाटेतल्या खुर्चीसारखं. प्रांजल त्यांना बिराप्पाच्या घरी सोडून आली.

बुधवारी दुधाप्पानं राणीला इस्लामपूरहून गावी नेलं. सामानासकट, दाखल्यासकट, शुक्रवारी लग्न लावायला. हे कळवून प्रांजल फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमची गाडी काढा." तिनं मला पहिल्यांदाच हुकूम केला आणि मी तो पाळला.

सांगलीपासून पुढची वाट तीच दाखवत होती. वस्तीवर पोचलो तेव्हा राणी अंगणात मिरच्या निवडत होती. उंच, सावळी, आईसारखीच बारीक. दुधाप्पा बाजेवर बसून होता. उठला नाही, अडवलंही नाही. त्याला अडवायची गरजच नव्हती, हे मला नंतर कळलं.

मी तिच्यापुढे खाली बसले. "राणी, तू एकोणीस वर्षांची आहेस. तुझ्या मनाविरुद्ध कुणी तुझं लग्न लावू शकत नाही. नुसतं नको म्हण. आत्ता गाडीत बस. तुझी फी, हॉस्टेल, केंद्रातर्फे शिष्यवृत्ती, सगळं मी बघते. आमच्याकडे योजना आहे."

"आन आई?"

"आईसाठीही काहीतरी बघू."

"काय बघणार?" तिनं आवाज चढवला नाही. "आबानं दोनच गोष्टी सांगितल्यात. मी शुक्कीरवारी बोहल्यावर चढले तर आईला घरात घेणार. मी न्हाई म्हन्लं तर आईला जल्मभर उंबरा बंद, आन मामाच्या पोरींची लग्नं बी हुवू देणार न्हाई. आई तितं मामीच्या दारात दोन दिस उपाशी बसलीया. घास गिळंना तिला."

"हे बेकायदेशीर आहे," मी म्हणाले. आपण किती पोकळ बोलतोय ते मला ऐकू आलं.

"असंल. माझ्यासाठी तिनं चार वर्सं रोज मराण तोंडात धरलं, आन मला त्ये तुमच्या पुस्तकातनं कळलं. मी तिला घराभाईर ठिवू व्हय?" तिनं मिरच्यांचं सूप खाली ठेवलं. "तुमी शिकवता न्हवं बायकांचं? मग तुमीच सांगा. मी काय म्हणू? तुमी सांगाल त्ये म्हणते."

दुधाप्पा बाजेवरून माझ्याकडे बघत होता. प्रांजल बघत होती. माईक नसताना मला एवढ्या लोकांपुढे कधी बोलावं लागलं नव्हतं.

मी तिनं खाली ठेवलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि मिरच्या निवडू लागले. शुक्रवारी राणीचं लग्न झालं. शनिवारी हरणाबाईंना घरात घेतलं.