कुंकवाचा डाग पडलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. मोजपट्टी नव्हे आणि केसांना बांधायची पट्टी तर मुळीच नव्हे. मी कागदाची आहे, इंचभर रुंद. माझी गुंडाळी उलगडली तर तुमच्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहज पोहोचेन. माझ्या अंगभर बारीक भोके आहेत. परवाच एका पाहुण्याने मला बघून विचारले, "हिला कसर लागली काय?" मला फार राग आला. अहो, ती भोके म्हणजेच माझे बोलणे आहे!

आमचे घराणे जुने आहे, बरे का. फार पूर्वी विणकरांच्या काही मागांवर भोके पाडलेले पुठ्ठे लावत. कोणता धागा वर उचलायचा ते पुठ्ठा सांगे आणि कापडावर नक्षी उमटे. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अवघड वळण नेमके उतरवताना कारागिरांच्या नाकी नऊ आले. तेव्हा एक युक्ती निघाली. वळणाचे सगळे आकडे भोकांनी लिहायचे, ते यंत्राने स्वतः वाचायचे आणि त्याप्रमाणे कापायचे हत्यार स्वतःच हलवायचे. १९५२ साली तिथल्या एका विद्यापीठाने असे यंत्र चालवून दाखवले. तेव्हापासून आम्हा कागदी पट्ट्यांना लोखंड कापण्याच्या कामात मान मिळाला. कागदाने लोखंडाला हुकूम द्यायचा, ही काय लहान गोष्ट आहे?

माझा जन्म मात्र भोपाळचा, १९८१ सालचा. एका मोठ्या सरकारी कारखान्याची वसाहत होती. सकाळी भोंगा झाला की क्वार्टरांच्या गल्ल्यांतून सायकली निघत. कारखान्याच्या एका टोकाला कार्यालयाची इमारत होती आणि तिथल्या एका खोलीत इंदुमती वैरागडे नावाची नागपूरकडची तरुण मुलगी भोके पाडणाऱ्या यंत्रासमोर बसे. समोर आकड्यांचे कागद ठेवून ती टकटक कळा दाबी. एक कळ दाबली की माझ्यावर भोकांची एक आडवी ओळ पडे. तिची बोटे इतकी सराईत होती की मला कधी टोचले असे वाटलेच नाही.

इंदुमतीची एकच हौस होती. रोज इतके आकडे टंकले, पण त्या आकड्यांचे पुढे होते काय, ते तिने कधी पाहिले नव्हते. यंत्रे होती अर्धा मैल लांब, मोठ्या शेडमध्ये. कार्यालयातल्या माणसांचे तिथे काम नसे, म्हणून जायची परवानगीही नसे.

त्या शेडमध्ये पट्टीवर चालणारे यंत्र एकच होते आणि ते काशिनाथ ढोबळे चालवत. त्यासाठी त्यांनी तीन वर्षे शिक्षण घेतले होते. मी तयार झाले का ते पाहायला ते खोलीत आले तेव्हा इंदुमती म्हणाली, "काशिनाथभाऊ, मी दिवसभर आकडे मारते, पण त्याचं बनतं काय, मला काही पताच नाही. एकदा दाखवा ना!"

"दाखवतो ना, इंदुताई. हे नवीन काम दसऱ्यानंतर मशीनवर लागणार आहे. साहेबांना विचारलं मी, ते हो म्हणाले. दुपारच्या सुट्टीनंतर या."

"नक्की?"

"आता तुम्ही म्हणाल तर लिहून देतो, बाप्पा!"

इंदुमतीला इतका आनंद झाला की त्या भरात तिने जे केले ते मी आजवर विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इंदुमतीने घरून हळदकुंकवाची कोयरी आणली. लोखंडावर कोरडे कुंकू टिकत नाही, म्हणून तिने ते तेलात कालवले होते. भोके पाडणाऱ्या यंत्राला तिने बोट लावले, फूल वाहिले. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"हिचं पण पहिलंच काम आहे," असे म्हणून तिने माझ्याही अंगावर मायेने एक बोट टेकवले.

काय सांगू मित्रांनो, मी फुशारून गेले. बाकीच्या पट्ट्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच पाहिले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या प्रत्येक आडव्या ओळीत लहान लहान घरे आहेत. दुसऱ्या घरात एक भोक असेल तर तो दोनचा आकडा. शेजारच्या तिसऱ्या घरात एक भोक असेल तर तो चारचा आकडा. यंत्र माझ्यावर उजेड टाकते आणि ज्या घरातून उजेड आरपार जाईल तिथे भोक आहे असे समजते. इंदुमतीचे बोट नेमके एका दोनवर पडले होते. दाट कुंकवाने दुसऱ्या घराचे भोक बुजले. तेल शेजारच्या घरात झिरपले आणि तिथला कागद पारदर्शक झाला. दोनचा आकडा चार होऊन बसला. मला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि मी यंत्रावर चढले. समोर बिडाचे भले मोठे गोल झाकण बांधलेले होते. महिनाभर वाट पाहून ते ओतून आले होते. त्याच्या तोंडावर तेल वाहून नेणारी एक वळणदार खाच कापायची होती, दोन मिलिमीटर खोल. मी आकडे सांगत गेले, हत्यार कापत गेले. काशिनाथराव खुशीत होते. मधेमधे ते दाराकडे बघत, इंदुमती यायला अजून तासभर होता.

मग तो डाग आला. मी "चार" म्हणाले. हत्यार एकदम खाली गेले. काशिनाथरावांनी झेप घेऊन लाल बटण दाबले, पण तोवर खाच दुप्पट खोल गेली होती. झाकण वाया गेले.

साहेब आले. त्यांनी झाकणाकडे पाहिले आणि विचारले, "सेटिंग किसने की थी?"

"मैंने, साहब."

"तो फिर और किससे पूछूँ? कल से इस मशीन पर मत आना. पुरानी ड्रिलिंग पर जाओ. रिपोर्ट मैं देखता हूँ."

काशिनाथरावांच्या तोंडचे पाणी पळाले. तीन वर्षांचे शिक्षण एका दुपारात धुळीला मिळाले होते. इंदुमतीला दारातूनच परत जावे लागले.

संध्याकाळी मला तपासणीसाठी तिच्याच खोलीत आणले. सगळे घरी गेले होते. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले आणि एकेक ओळ कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. त्या डागापाशी तिचे बोट थांबले. तिने मला उलटे केले, सुलटे केले. मग ती खुर्चीत बसून राहिली.

मित्रांनो, तिला सुटायचे असते तर किती सोपे होते! नवी पट्टी पाडायला अर्धा तास पुरला असता. मला फाडून केरात टाकले की झाले. तिने मला टोपलीवर धरलेही होते. मी कागद असूनही घाबरले, खोटे कशाला बोलू? पण ती उठली, पदर सावरला आणि साहेबांच्या खोलीत गेली. साहेब अजून बसलेले होते.

"साहब, काशिनाथजी की गलती नहीं है. सेटिंग ठीक थी. यह देखिए, पूजा में टेप पर कुंकू लग गया. कुंकू मेरा है."

साहेबांनी मला दिव्यासमोर धरले. मग म्हणाले, "तुम न बतातीं तो किसी को पता नहीं चलता."

"मुझे तो पता था, साहब."

दुसऱ्या दिवशी काशिनाथराव परत आपल्या यंत्रावर उभे राहिले. इंदुमतीला मेमो मिळाला आणि तिची बदली टपाल विभागात झाली. त्यानंतर तिने कधीही भोके पाडली नाहीत आणि त्या शेडमध्येही तिचे पाऊल पडले नाही. काशिनाथराव तिला भेटायला गेले आणि म्हणाले, "ताई, तुमचे आकडे बरोबरच होते." ती एवढेच म्हणाली, "भाऊ, ते झाकण माझ्यामुळे गेलं हो."

माझ्या जागी नवी पट्टी आली आणि मला जाळायच्या गठ्ठ्यात टाकले. काशिनाथरावांनी मला तिथून उचलले, खिशात घातले आणि घरी नेऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवले. त्या उपकाराबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

डब्यात माझी खूप वर्षे गेली. कारखान्यात संगणक आले आणि कागदी पट्ट्यांचे दिवस संपले. एका दिवाळीला काशिनाथरावांच्या पत्नी शोभाताईंनी मला बाहेर काढले. "अहो, आकाशकंदिलाला हिच्या काय सुरेख झिरमिळ्या होतील! भोकं आयतीच पाडलेली आहेत." कात्री माझ्या गळ्याशी आली होती. काशिनाथराव तसे शांत, पण त्या दिवशी जेवते ताट सोडून धावले. "तिला हात नको लावू, शोभा! त्या पट्टीवर माझी नोकरी लिहिलेली आहे." शोभाताईंनी मला मुकाट्याने डब्यात ठेवले आणि वर डांबराची गोळीही टाकली. त्या वासाने मला भोवळ आली, पण कसर मात्र लागली नाही. त्यांचेही आभार.

काशिनाथराव निवृत्त होऊन भोपाळातच शाहपुऱ्याला राहायला आले. आता स्वस्थ बसावे की नाही? पण नाही! टी. टी. नगरच्या दुरुस्तीच्या दुकानांतून त्यांनी बंद पडलेले प्रिंटर गोळा केले आणि त्यांतल्या छोट्या मोटारी काढल्या. जुन्या पलंगाच्या लाकडाची चौकट केली. जगभरातले हौशी लोक अशी यंत्रे घरी बनवतात आणि ती चालवायची आज्ञावली एकमेकांना फुकट देतात, हे त्यांना संगणकावर कळले. दोन वर्षे खटपट करून बाल्कनीत त्यांनी लाकूड कोरणारे एक यंत्र उभे केले. शोभाताई म्हणत, "कपडे वाळत घालायला जागा ठेवली नाही या माणसानं!" पण त्या यंत्राने कोरलेली घराची पाटी त्यांनीच कौतुकाने दाराला लावली.

२०१५ च्या नवरात्रात काशिनाथरावांनी शहराच्या टोकाला मिसरोदला फोन केला. इंदुमती तिथे मुलाकडे राहत होती. ती रिक्षाने आली. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर जाड चष्मा होता. काशिनाथरावांनी डबा उघडून मला तिच्या हातात दिले.

"तुम्ही हिला सांभाळून ठेवलं?" ती एवढेच म्हणाली.

"ताई, तुम्ही वाचा. मी टंकतो. मला हिची भाषा आता तितकी जमत नाही."

तिने मला खिडकीपाशी धरले. पहिल्या दोन-चार ओळी अडखळली, मग तिची बोटे चालू लागली. दोन दुपारी ती एकेक आकडा मोठ्याने वाचत होती आणि काशिनाथराव संगणकावर उतरवत होते. डागापाशी ती थांबली. कुंकू विटून तपकिरी झाले होते. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"दोन," ती म्हणाली. "इथं दोन आहे, भाऊ. लिहा."

खंडेनवमीला यंत्र सुरू झाले. काशिनाथरावांनी झाकणाचा आकार दहाव्या हिश्श्याइतका लहान केला होता, पण खाचेची खोली तेवढीच ठेवली होती. सागाच्या गोल फळीवर हत्यार फिरू लागले. भुसा उडत होता आणि त्यातून खाच वळणे घेत निघत होती. इंदुमती खुर्ची पुढे ओढून तोंडाला पदर लावून बसली होती. शेवटी हत्यार वर उचलले गेले. काशिनाथरावांनी फळी झटकून तिला दिली आणि सोबत खोली मोजायचे साधन दिले.

"मोजा, ताई. डाग होता तिथंच मोजा."

तिने मोजले. पुन्हा मोजले.

"दोन," ती म्हणाली आणि रडू लागली. "बरोबर दोन. भाऊ, माझे आकडे बरोबर होते."

"मी तर तेव्हाही म्हणत होतो," काशिनाथराव म्हणाले. "दसऱ्यानंतर दाखवतो म्हणालो होतो. जरा उशीर झाला बघा."

मित्रांनो, माझे काम संपले आहे. आता यंत्रांना कागद लागत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. ज्या हातांनी मला लिहिले, ज्यांनी मला वाचवले, त्यांच्यामध्ये बसून मी माझी खाच पुरी झालेली पाहिली. एका पट्टीला आणखी काय हवे? तुम्हाला मात्र हात जोडून सांगते. जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती केराच्या टोपलीत लपवू नका. कुणाची तरी जागा तिच्यावर अवलंबून असते.

निघण्यापूर्वी इंदुमतीने यंत्राच्या चौकटीला हळदकुंकू वाहिले, अगदी कोरडे, चिमटीने. शोभाताईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हिला नाही लावायचं?"

"नको गं बाई," इंदुमती हसून म्हणाली. मग तिने नळाखाली हात स्वच्छ धुतले, पदराला कोरडे केले आणि मला नमस्कार करून डब्यात ठेवले.